उंटावरून अपडेट

कॉम्प्युटर बिघडला की एक सल्ला हमखास फुकट मिळतो: "ड्रायव्हर अपडेट करून बघ." स्क्रीन लुकलुकली, अपडेट कर. व्हिडिओ अडकला, अपडेट कर. काहीच झालेलं नसेल तरी कर, कारण 'लेटेस्ट' असलेलं बरं. सल्ला देणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा चोवीस तास वीज असते, फायबरचं कनेक्शन असतं, हाताशी दुसरा लॅपटॉप असतो आणि काही बिनसलंच तर दोन गल्ल्या सोडून दुरुस्तीवाला असतो. ऐकणाऱ्याकडे यातलं काय काय आहे हे विचारायची पद्धत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी जव्हारला राहतो आणि डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका, बॅनर, अहवाल, कधी एखाद्याचा बायोडेटा. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा नाही; पण दुकानात कॉम्प्युटर दिसला की लोक विचारायला येतातच. खोडाळ्याकडून, साकूरकडून कोणी मोटरसायकलवर सीपीयू गोणपाटात बांधून आणतो आणि म्हणतो, "दादा, काल अपडेट केलं, आज पडदा काळा." त्या काळ्या पडद्यामागे काय अडकलेलं असतं ते मी पाहतो. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, ज्याची शेवटची तारीख परवावर आलेली असते. एखाद्याने उधारीवर घेतलेल्या ऑर्डरचे लग्नाचे फोटो. अख्ख्या पाड्यात एकच कॉम्प्युटर असेल तर तो एका घराचा राहत नाही, शेजारच्या दहा घरांचे कागद त्याच्यावर असतात.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलण्याआधी जुन्यावर परत येण्याची वाट तयार असली पाहिजे, आणि ती वाट तयार करून देणं हे बनवणाऱ्यांचं काम आहे, जे त्यांनी सोयीस्करपणे आपल्या गळ्यात घातलं आहे.

हा ड्रायव्हर इतका नाजूक का?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं यंत्र. ते वेगळं कार्ड असेल किंवा प्रोसेसरच्या पोटातच असेल. विंडोज त्याच्याशी थेट बोलू शकत नाही. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटरचा दुभाषा आजारी पडला तर छपाई थांबते, बाकीचं काम चालू राहतं. ग्राफिक्सचा दुभाषा पडला तर पडदाच जातो, आणि पडदा गेला की तो दुरुस्त करायची खिडकीही जाते. शिवाय या ड्रायव्हरचा एक भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथे एक चूक झाली तरी अख्खं यंत्र निळा पडदा दाखवून बसतं.

हे मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक आहे. विंडोज व्हिस्टापासून त्यांनी या ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलच्या बाहेर काढला आणि एक पहारेकरी बसवला: कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर आपोआप पुन्हा सुरू करायचा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तेव्हा बहुधा हाच पहारेकरी कामाला लागलेला असतो. तरीही २००७ सालात काय झालं ते पाहा. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात व्हिस्टाच्या नोंदलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के क्रॅश एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि घाईत आलेले ड्रायव्हर यांचा ताप ज्यांनी पैसे मोजून कॉम्प्युटर घेतले त्यांनी काढला.

तो जुना काळ होता असं म्हणाल, तर पुढचं ऐका. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो टाकल्यावर काही कार्डांचे पंखे नीट फिरेनासे झाले आणि कार्डं तापू लागली. २०२५च्या सुरुवातीला त्यांच्याच नव्या ड्रायव्हरांनी अनेकांचे पडदे काळे केले आणि कंपनी एकामागून एक दुरुस्त्या सोडत राहिली. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल. तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा होता. पण दुखणं त्याच जातीचं. कर्नलमधल्या ड्रायव्हरला वाचायला दिलेली एक सदोष फाइल आपोआप जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उघडून, ती फाइल हाताने पुसणं.

विमान कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं होती. मोखाड्याच्या पाड्यावर बारावीतला मुलगा असतो आणि त्याचा चुलत भाऊ, जो पालघरला कामाला आहे आणि रविवारीच येतो.

आमच्याकडे अपडेट म्हणजे काय असतं

मुंबईहून इकडे येताना घाट चढला की रेंज लपाछपी खेळू लागते. डोंगराच्या या अंगाला असते, त्या अंगाला नसते. घरात फायबर पोहोचलेलं नसेल तर इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि हॉटस्पॉट म्हणजे दिवसाचा दीड किंवा दोन जीबी डेटा, तोही घरातल्या तिघांत वाटलेला. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची फाइल सहा-सातशे एमबी आणि त्याहूनही मोठी असते. ती ऐंशी टक्क्यांवर तुटली की कधी तिथून पुढे सुरू होते, कधी पहिल्यापासून. म्हणजे एका ड्रायव्हरपायी दोन दिवसांचा डेटा, आणि त्या दोन दिवसांत घरातल्या मुलीचा अभ्यासाचा व्हिडिओ बंद.

मग वीज. पावसाळ्याचे चार महिने वारा सुटला की दिवे जातात. कधी पाच मिनिटांत येतात, कधी दुसऱ्या दिवशी. ड्रायव्हर बदलताना आधी जुना निघतो, मग नवा बसतो. नेमक्या मधल्या क्षणी वीज गेली तर यंत्र ना इकडचं ना तिकडचं. यूपीएस हवा हे खरं. पण ज्या घरात सेकंडहँड कॉम्प्युटरच जमवाजमव करून आला, तिथे यूपीएस ही पुढच्या वर्षीची खरेदी असते, आणि पुढचं वर्ष दरवर्षी पुढे जातं.

इथे येणारे कॉम्प्युटर बहुतांश मुंबई-नाशिकच्या कचेऱ्यांतून निघालेले असतात. कचेरीचं काम झालं, हिशेबात त्याची किंमत शून्य झाली, की तो आमच्याकडे येऊन नवं आयुष्य सुरू करतो. यात मला कमीपणा वाटत नाही. वस्तू शेवटपर्यंत वापरावी हे आमच्याकडचं जुनं शहाणपण आहे. अडचण ही, की कंपनीने मात्र तोवर त्याचा बारावा-तेरावा उरकलेला असतो. एनव्हिडियाचं जीटी ७१० हे साधं, स्वस्त कार्ड घ्या. त्याच्या पिढीसाठी नेहमीचे ड्रायव्हर २०२१मध्ये थांबले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४मध्ये. पण ते कार्ड २०२१नंतरही नवीन खोक्यात घालून विकलं जात राहिलं. खोक्यावर कुठे लिहिलं होतं, की याची काळजी घेणं आम्ही सोडून दिलंय? जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीलाही ऑक्टोबर २०२५मध्ये हाच निरोप मिळाला. फक्त तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत देण्याचं कंपनीने जाहीर केलंय. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला खुद्द विंडोज १०चाच आधार संपला. वर्षभराची वाढीव मुदत नाव नोंदवून मिळते खरी. पण जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, म्हणजे पुढे दुष्काळात तेरावा महिना.

'कार्ड उडालं'

या सगळ्यात अज्ञानाचा धंदा होतो, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

एका मुलाने मागच्या पावसाळ्यात मला सांगितलं, की अपडेटनंतर पडदा काळा झाला म्हणून त्याने कॉम्प्युटर शहरातल्या एका दुकानात नेला. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला: "कार्ड उडालं." नवं कार्ड बसवलं, पैसे घेतले, जुनं कार्ड 'भंगारात' ठेवून घेतलं. कार्ड खरंच उडालं होतं का? त्याची शहानिशा आता होणार नाही. पण ती करायला काय लागतं हे त्याला कोणी आधी सांगितलं असतं, तर दुकानदाराला निदान दोन प्रश्न विचारता आले असते.

ते मी इथे लिहून ठेवतो. ड्रायव्हर डिस्कवर असतो, कार्डावर नसतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर विंडोज येण्याआधी कंपनीचं बोधचिन्ह किंवा बायोसचा पडदा स्वच्छ दिसतो का ते बघा. स्वच्छ दिसत असेल, आणि गडबड विंडोज उघडताना किंवा उघडल्यावरच होत असेल, तर संशय आधी ड्रायव्हरवर घ्या. सेफ मोडमध्ये विंडोज कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर न वापरता स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर चालतं. तिथे पडदा नीट असेल तर तो संशय बळावतो. पण बायोसच्या पडद्यावरच रेघा, ठिपके, तुटके रंग दिसत असतील तर मात्र कार्ड, केबल किंवा मॉनिटरचंच दुखणं असण्याची शक्यता मोठी. केबल बदलून पाहायला पैसे लागत नाहीत. ही परीक्षा शंभर टक्के पक्की नाही, पण पाच मिनिटांत 'उडालं' म्हणण्यापेक्षा कितीतरी पक्की आहे.

आणखी एक. अर्ध्यात वीज गेल्याने ड्रायव्हर बिघडला तर तो पुन्हा टाकता येतो; बायोस किंवा फर्मवेअर बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड खरोखर निकामी होऊ शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'सगळं अपडेट करा' म्हणणारी कंपन्यांची सॉफ्टवेअरं दोन्ही एकाच यादीत, एकाच बटणाखाली दाखवतात. हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

दुसरा धंदा 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या प्रोग्रामांचा. 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत!' असं लाल अक्षरांत ओरडायचं आणि पैसे मागायचे. ड्रायव्हरच्या तारखा पाहून घाबरणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अनेक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते. ती मुद्दाम जुनी ठेवलेली असते, म्हणजे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला की विंडोज त्याला नवा समजून प्राधान्य देईल. इंटेलच्या चिपसेटच्या काही फाइलींवर तर १८ जुलै १९६८ असतं, म्हणजे इंटेल कंपनीचा स्थापनादिन! तारखेवरून आजार ठरवणारा प्रोग्राम म्हणजे जन्मसाल विचारून औषध देणारा वैदू.

परतीची वाट आधी

नुसतं ओरडून भागत नाही, म्हणून मी येणाऱ्याला काय सांगतो तेही लिहितो. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरलाही ते लागू पडेल.

पहिला प्रश्न: का? उत्तरं तीनच चालतात. सध्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक असल्याचं कंपनीने जाहीर केलं आहे. किंवा तुम्हाला लागणारा एखादा प्रोग्राम नवा ड्रायव्हर मागतोय. किंवा तुम्हाला होणारा त्रास नव्या ड्रायव्हरच्या टिपणात दुरुस्त झाल्याचं लिहिलंय. 'नवा आलाय म्हणून' हे उत्तर नाही, ते हात दाखवून अवलक्षण आहे. आणि कारण पक्कं असलं तरी, तातडीची सुरक्षा नसेल तर आठ-पंधरा दिवस थांबा. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर टाकणारे लोक कंपनीचे बिनपगारी परीक्षक असतात; ज्यांच्याकडे दुसरा कॉम्प्युटर आहे त्यांना ती हौस करू द्या.

दुसरं, आधी काय आहे ते लिहून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहा, कॉम्प्युटरमध्ये नको. पडदा गेल्यावर कॉम्प्युटरमधली टीप कोण वाचणार? मग तोच जुना ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि नवा त्याच्या शेजारी ठेवा. जुन्याची फाइल हातात नसताना नव्याला हात लावायचा नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीची साइट बघा, कारण तिथला ड्रायव्हर त्या यंत्राच्या पडद्याला आणि बॅटरीला जुळवलेला असू शकतो. डेटा परवडत नसेल तर बाजाराच्या दिवशी जव्हार-मोखाड्याला आल्यावर ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे त्याच्याकडून पेनड्राइव्ह भरून न्या. पण फाइल कंपनीच्याच साइटवरून तुमच्यासमोर उतरवून घ्या. फाइलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये डिजिटल सही कंपनीचीच आहे ना ते पाहा. नुसती सही पाहून मात्र निर्धास्त होऊ नका. फेब्रुवारी २०२२मध्ये लॅप्सस टोळीने एनव्हिडियातून चोरलेल्या सामानात सही करायची प्रमाणपत्रं होती. मुदत संपलेल्या त्या प्रमाणपत्रांची सही ठोकलेले घातक प्रोग्राम लगेच फिरू लागले. म्हणून फाइल कुठून आली हे सहीइतकंच महत्त्वाचं.

तिसरं, टाकण्याआधी 'सिस्टीम रिस्टोर'चा बिंदू तयार करा. अनेक यंत्रांवर ही सोय बंदच असते, ती चालू करावी लागते. आपल्या कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ असेल तर डिस्क कुलूपबंद आहे का ते तपासा आणि असेल तर तिची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवा. दुरुस्तीच्या वेळी तीच मागितली जाते आणि तेव्हा ती शोधायला पडदा नसतो.

चौथं, वेळ. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात नाही. आभाळ भरून आलेलं असताना नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या, डेस्कटॉप असेल तर कोणाचा तरी यूपीएस तासाभरासाठी आणा. मग इंटरनेट बंद करा. हे लोकांना विचित्र वाटतं, पण जुना ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने तिसराच ड्रायव्हर आणून बसवू शकतं, आणि मग दोघांच्या भांडणात तुमचा पडदा जातो. बसवताना 'कस्टम' निवडा आणि ड्रायव्हरबरोबर येणारी बाकीची फुकटची शेपटं गाळा.

पाचवं, झाल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. एकदा रीस्टार्ट करा, झोपवून उठवा, व्हिडिओ चालवा, ज्या प्रोग्रामवर तुमचं पोट आहे तो उघडून एक खरं काम करून पाहा. आठवडा नीट गेल्याशिवाय जुनी फाइल पुसू नका; खरं तर नंतरही पुसू नका.

आणि पडदा काळा झालाच तर? आधी काही मिनिटं थांबा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. त्याने नाही झालं आणि मदरबोर्डवर पडद्याचं वेगळं भोक असेल, तर केबल त्यात लावून पाहा. प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स असेल तर चित्र येईल. तेही नाही, तर विंडोज उघडता उघडता दोन-तीनदा पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. पुढच्या वेळी ते दुरुस्तीचा पडदा दाखवतं, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असेल तर दाबा. ते करडं पडलेलं असेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा फुकट प्रोग्राम वापरून सगळं साफ करा आणि पेनड्राइव्हवरचा जुना ड्रायव्हर टाका. हा प्रोग्रामही आधीच पेनड्राइव्हवर हवा, हे वेगळं सांगायला नको.

'आधी पाणी, मग कॉम्प्युटर'

हे सगळं मी बोलू लागलो की दोन प्रकारचे लोक मला अडवतात.

पहिले म्हणतात, जव्हार-मोखाड्यात ग्राफिक्स ड्रायव्हर हा काय प्रश्न झाला? तिथे कुपोषण आहे, उन्हाळ्यात टँकर आहेत, दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात. आहे ना. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालकं दगावली तेव्हा देशाला आमचं नाव कळलं, आणि तेव्हापासून आम्ही तेवढेच आहोत. मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे. पाणी मुंबईला जातं, आणि आमच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पण 'आधी हे, मग ते' ही रांग नेहमी बाहेरचा माणूस लावतो. ज्या मुलीला वीटभट्टीवर जायचं नाही, तिच्यासाठी तो सेकंडहँड कॉम्प्युटर हीच भट्टीपासून दूर जाणारी वाट आहे. तो आठ दिवस बंद पडला आणि अर्जाची तारीख गेली, तर तिचं वर्ष जातं. तिचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाच्या विरुद्ध बाजूला उभा नाही. दोन्हीकडे वस्तू आमच्या अंगणातून जाते किंवा आमच्या घरात येते, आणि तिचे नियम दुसरीकडेच ठरतात.

दुसरे जाणकार असतात. ते म्हणतात, अपडेट केलं नाही तर सुरक्षा धोक्यात येते. तुम्ही लोकांना घाबरवताय. त्यांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरमधलं भोक ही गंभीर गोष्ट आहे आणि 'चाललंय ना, मग हात लावू नका' हा आमच्याकडचा मंत्र तितकाच आळशी आहे. पण मग मला सांगा, सुरक्षेची काही एमबींची दुरुस्ती खेळांच्या सातशे एमबींच्या गाठोड्यात बांधून का देता? ज्याला फक्त दाराची कडी बदलायची आहे त्याला अख्खं घर नव्याने बांधायला का लावता? लोक अपडेट टाळतात ते अडाणी म्हणून नाही. एकदा पोळलेत म्हणून टाळतात.

काही जण मध्येच लिनक्सचं नाव घेतात. त्यात तथ्य आहे: इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर तिथे खुले असतात आणि सिस्टीमबरोबरच येतात, वेगळी उठाठेव नसते. ज्याचं काम ब्राउझर आणि अर्ज भरण्यापुरतं आहे त्याला मी तो रस्ता सुचवतोही. पण माझ्यासारख्याचं कोरलड्रॉ आणि जुन्या मराठी फॉन्टांच्या फाइली विंडोजशी बांधलेल्या आहेत, आणि जुनं एनव्हिडिया कार्ड असेल तर लिनक्सवरही आगीतून फुफाट्यात पडायची तयारी ठेवावी लागते.

मागणं काय आहे

मागणं फार नाही. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि लहान द्या. तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू होईल अशी सोय करा. नवा ड्रायव्हर बसवताना जुना यंत्रातच जपून ठेवा, आणि नव्यानंतर पडदा नीट सुरू झाला नाही तर कोणी काही न दाबता जुन्यावर परत या. दोन सेकंदांत न बोलणारं कार्ड ओळखणारा पहारेकरी बसवता येतो, तर दोनदा न उघडलेला कॉम्प्युटर ओळखून मागे फिरणारा का नाही? कार्डाच्या खोक्यावर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते छापा. आणि चूक झाल्यावर काय करायचं ते मराठीत लिहा. विंडोजचा चेहरा मराठीत करता येतो. पण ग्राफिक्स ड्रायव्हरचं टिपण मराठीत आजवर माझ्या पाहण्यात नाही.

यात अशक्य काही नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी नियम केला, की त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट द्यावे लागतील. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. चांगलंच झालं. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त स्क्रू, बॅटरी आणि काच नव्हे. सॉफ्टवेअरमुळे बंद पडलेली वस्तू पुन्हा चालू करता येणं हाही दुरुस्तीचाच हक्क आहे. कार्ड शाबूत, वीज आहे, माणूस शिकायला तयार आहे, आणि तरी यंत्र बंद, कारण जुना ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते कोणी सांगत नाही. याला बिघाड म्हणत नाहीत, याला अडवणूक म्हणतात.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. मी दुकानात एक पेनड्राइव्ह ठेवलाय. त्यावर आमच्याकडे नेहमी येणाऱ्या कार्डांचे चालणारे जुने ड्रायव्हर आहेत, कंपनीच्या साइटवरून घेतलेले, क्रमांकासकट. प्रत्येक शाळेत, ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत असा एक असायला काय हरकत आहे? आणि शहरातल्या जाणकार मित्रांना एवढंच सांगणं, की पुढच्या वेळी कोणी खेड्यातून फोन केला तर "अपडेट केलंस का?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "जुना ड्रायव्हर ठेवलायस का? आणि वीज आहे का?"